मानाची सीट नेटच्या मागे

आमच्या ओसाकात कचरा टाकायचे वार ठरलेले आहेत. मंगळवारी प्लॅस्टिक जातं, गुरुवारी रद्दी, महिन्यातून एकदा बाटल्या. किश्श्यांचा वार मात्र कुठल्याच नगरपालिकेने ठरवलेला नाही, त्यामुळे ते घरात साठत राहतात. माझ्याकडचे बहुतेक सगळे एकाच गोतावळ्यातले आहेत: नातवाच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची तिकिटं वाटणारी पालकमंडळी.

फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. हेल्मेट घालून, खांद्यांवर उशा बांधून एकमेकांच्या अंगावर धावायचं, तो अमेरिकन. त्यात पायाचं काम एकट्या किकरला. माझा नातू अद्वैत किकर, आणि तोही राखीव. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर माझ्या मुलीची, मेधाची, बँकेने टोकियोजवळच्या इचिकावाहून ओसाकाला बदली केली आणि तिने मला बोलावून घेतलं, तेव्हा तो शाळेत होता. कॉलेजात गेला तो थेट बेंचवर जाऊन बसला. मॅचमागून मॅच मी त्याला बसलेलाच पाहिला. बसलेला तर तो घरीही दिसतो. पोरगा एकदा मैदानात उतरावा आणि ते मला नीट दिसावं, एवढंच माझं मागणं होतं.

* * *

पालकांच्या पहिल्या मीटिंगच्या दिवशी मेधाला ऑफिस होतं, म्हणून मी गेले. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी रद्दीतल्या मासिकांवर शिकले आणि जपानी शिकले ते सुपरमार्केटात संध्याकाळी भाज्यांवर चिकटवतात त्या सवलतीच्या स्टिकरांवर. त्यामुळे चार माणसांत बसायला मी घाबरत नाही.

पालकांच्या प्रमुख निशिदा-सान; ‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’. मोठ्या शांत बाई. त्यांनी विचारलं, “यंदा तिकिटांचं काम कोण बघेल?”

सगळे टेबलाकडे बघायला लागले. मीही बघितलं. टेबल बरं होतं, पण इतका वेळ बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. शेवटी मीच विचारलं, “तिकिटांचं काम म्हणजे नक्की काय असतं?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बहुतेक इथे ज्याने प्रश्न विचारला त्याला पद मिळतं.

* * *

काम असं होतं. कॉलेजचं ग्राऊंड लहान, म्हणून मोठ्या मॅचेस शहरातल्या प्रोफेशनल बेसबॉलच्या स्टेडियमवर व्हायच्या. लीग दोन्ही कॉलेजांना सारखी तिकिटं द्यायची. आमच्या हिश्श्यात वाटेकरी तीन: टीमचे माजी खेळाडू, ढोल घेऊन येणारी चिअरिंगवाली मुलं आणि आम्ही फॅमिलीवाले.

फॅमिलीत कोण कुठल्या रांगेत बसणार, हे चिठ्ठ्या काढून ठरायचं. चांगली पद्धत आहे. पण चिठ्ठी आधी कोणी काढायची? त्यासाठी आधी वेगळ्या चिठ्ठ्या. मी म्हटलं, “निशिदा-सान, मग ही आधीची चिठ्ठी सगळ्यात आधी कोण काढणार?”

मी टोमणा मारला होता. निशिदा-साननी डोळे मिटून विचार केला. मग म्हणाल्या, “खरंच की. पेठे-सान, आमच्या कधी लक्षातच आलं नाही.”

पुढच्या वर्षीपासून दोन्ही चिठ्ठ्यांच्या आधी जान्केन, म्हणजे दगड-कागद-कात्री, सुरू झालं. तेव्हापासून मी टोमणे मराठीत मारते.

* * *

एकदा चार तिकिटं उरली. आम्ही ती चिअरिंगवाल्यांना दिली. नुसती कशी द्यायची, म्हणून बरोबर मांजूचा बॉक्स, म्हणजे आत गोड पुरण भरलेले छोटे बन. चिअरिंगवाले म्हणाले, आमच्यापेक्षा ज्येष्ठांचा हक्क मोठा. त्यांनी ती माजी खेळाडूंना पाठवली, बरोबर बिस्किटांचा डबा. माजी खेळाडू म्हणाले, घरच्या माणसांच्या आधी आम्ही कसे घेणार? त्यांनी ती आमच्याकडे पाठवली, बरोबर क्योतोहून मागवलेली मिठाई.

आता क्योतोच्या मिठाईला उत्तर द्यायला मांजू पुरणार नव्हते. निशिदा-सान चहाचा भारी डबा घेऊन आल्या.

मॅच झाली. चारही खुर्च्या रिकाम्या होत्या. तिकिटं तोवर कोणाकडे होती ते मला माहीत नाही. चहा मात्र फार चांगला होता, असं माजी खेळाडूंकडून कळलं.

* * *

हा किस्सा निशिदा-सानच्या नवऱ्याचा. तिकिटांच्या गठ्ठ्यात एक तिकीट चुकून समोरच्या कॉलेजच्या बाजूचं आलं आणि नेमकं त्यांना गेलं. मी म्हटलं, “बदलून आणते की.” ते म्हणाले, “नको, चिठ्ठीत निघालंय.” गेले आणि समोरच्या लोकांत जाऊन बसले.

तिथे बसून गप्प राहणं वाईट दिसलं असतं, म्हणून समोरच्यांबरोबर टाळ्या वाजवत राहिले. त्यांचा स्वतःचा मुलगा आपटला तेव्हाही सगळ्यांबरोबर वाजवल्या. मग त्याच मुलाने बॉल घेऊन शेवटच्या रेघेपलीकडे धावत जाऊन टचडाउन केला. हे निशिदा-सान उठून उभे राहिले, पुढच्या रांगेला वाकून म्हणाले, “सुमिमासेन,” म्हणजे माफ करा. मागच्या रांगेला वाकले. उजवीकडे वाकले. डावीकडे वाकले.

घरी जाऊन मुलाचीही माफी मागितली म्हणे. त्या टाळ्यांबद्दल.

* * *

आता सीट्सचं. बेसबॉलमध्ये सगळ्यात मानाच्या आणि महागाच्या जागा बॅट मारणाऱ्याच्या पाठीमागे, संरक्षणाच्या नेटच्या मागे असतात. वाटणी मानाप्रमाणे, म्हणून त्या माजी खेळाडूंना. त्यांचे अध्यक्ष मोरिमोतो-सान, कॉलेजचे एकेकाळचे कॅप्टन, कोट-टाय घालून बरोबर मधे बसायचे. आम्हाला कडेच्या स्वस्त जागा.

पहिल्याच मॅचला माझ्या लक्षात आलं की फुटबॉलसाठी मैदान आखतात ते लांबीने. एक गोलपोस्ट येतो थेट नेटसमोर आणि मैदानाची मधली रेघ येते बरोबर आमच्या स्वस्त खुर्च्यांपुढे. आम्हाला सगळं दिसत होतं. मानाच्या लोकांना दिसत होता खांब आणि वीस-बावीस पोरांच्या पाठी.

मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, “अहो, तिकडे ती म्हातारी माणसं...”

निशिदा-साननी माझ्या हातात सोललेलं संत्रं ठेवलं. “पेठे-सान, हे खा.”

मी आजूबाजूला पाहिलं. सगळी फॅमिलीमंडळी मैदानाकडे बघत होती. सगळ्यांना माहीत होतं. कधीपासून, देव जाणे. मी संत्रं खाल्लं. आयुष्यात मी गप्प बसले अशी ही एकच वेळ, आणि ती मी अद्वैतचं कॉलेज संपत येईपर्यंत पाळली.

* * *

अद्वैतची शेवटची मॅच. यानंतर कॉलेजही संपणार आणि बेंचही. आदल्या आठवड्यात मोरिमोतो-सान स्वतः मीटिंगला आले, माझ्यासमोर वाकले आणि दोन्ही हातांनी एक तिकीट पुढे केलं.

“पेठे-सान, तुम्ही आमच्यात सर्वांत ज्येष्ठ. इतकी वर्षं तिकिटांचं काम केलंत. शेवटच्या मॅचला कृपया माझ्या शेजारी बसा.”

नेटच्या मागे. बरोबर मधे.

मी निशिदा-सानकडे पाहिलं. त्या टेबलाकडे बघत होत्या. मेधा घरी म्हणाली, “आई, नाही म्हणता येणार नाही गं.” अद्वैत जपानीत म्हणाला, “आजी, मी तसाही बसलेलाच असणार.” मी म्हटलं, “मराठीत बोल, म्हणजे मला नीट रागावता येईल.”

गेले. नऊवारी नेसून गेले, मानाची जागा होती ना. पूर्वार्धभर मी खांब पाहिला. खांब चांगला रंगवला होता. मध्यंतरात मला राहवेना. म्हटलं, “मोरिमोतो-सान, स्पष्ट सांगते. तुमच्या या सीटवरून काही दिसत नाही.”

रांगेतल्या काहींनी टाय सारखे केले. एकजण खोकला. मोरिमोतो-सान समोर बघत म्हणाले, “हो का.”

शेवटची काही मिनिटं राहिली. दोन्ही टीम बरोबरीत होत्या. तेवढ्यात आमच्या पोरांनी टचडाउन केला, अगदी आमच्या नाकासमोर. त्यानंतर एका जादा पॉइंटसाठी बॉल किक करून खांबांमधून काढायचा असतो. नेहमीचा किकर लंगडत बाहेर गेला होता. बेंचवरून एकजण उठला.

अद्वैत खांबांकडे, म्हणजे माझ्याकडे, तोंड करून उभा राहिला. फॅमिलीच्या सीटवरून त्याची एक बाजू दिसली असती. इथून हेल्मेटच्या दांड्यांमागे त्याचे डोळे दिसत होते. त्याने मान वर करून बघितलं, दोन पावलं धावला आणि मारला.

बॉल उडाला, दोन खांबांच्या मधून आला, मोठा होत होत सरळ माझ्या तोंडासमोर आला आणि नेटवर आपटून खाली पडला. पंचाने दोन्ही हात वर केले. कोट-टायवाली सगळी रांग उभी राहिली. लांब, मधल्या रेघेसमोर, आमची फॅमिलीमंडळी नाचताना इतकुशी दिसत होती.

मग मी वळले. “मोरिमोतो-सान, म्हणजे इथून किक अशी समोरून दिसते, हे तुम्हाला आधीपासून...”

त्यांनी कोटाच्या खिशातून एक संत्रं काढलं, शांतपणे सोललं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

“पेठे-सान, हे खा.”