भाषणातला नावाडी

ते भाषण छापून आलं, त्यात माझं नाव नाही. पण त्यातला नावाडी मीच. मी दोन बुकं शिकलेला माणूस, तरी खरं काय झालं ते मलाच ठाऊक, म्हणून मीच लिहितो.

भाषण करणारे गृहस्थ बोर्लीकडचे. विलायतेत आत्म्याचा विचार करणाऱ्या गोऱ्या लोकांची एक मंडळी होती. तिच्या बोलावण्यावरून ते तिकडे गावोगाव व्याख्यानं देत. आम्ही त्यांना भाषणवाले म्हणायचो. त्या साली आई आजारी म्हणून ते घरी आले आणि पावसात अडकले. तिकडे सभा ठरलेल्या, मुंबईहून आगबोट सुटायची. दिघीहून खाडीपलीकडे आगरदांड्याला कोणी सोडलं की पुढे ते बैलगाडीने जाणार होते.

नारळी पुनवेला चार दिवस होते. दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्यात कोणी होडी लोटत नाही. खाडीचं पाणी दोन दिवस मातीच्या रंगाचं होतं, आणि बगळे किनारा सोडून वर शेतात जाऊन बसले होते. सगळ्या तांडेलांनी नाही म्हटलं. भाषणवाले मला म्हणाले, "भीती वाटत असेल तर राहू दे."

चार माणसांसमोर म्हणाले. मी होडी लोटली.

धाकटा भाऊ आपणहून चढला. मी बोलावलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नाही. आय वाळूवर उभी होती. एवढंच म्हणाली, "दोगं जाताव, दोगं या."

पावसाची सर आडवी आली आणि काठ दिसेनासा झाला. पुढे लाटा घराएवढ्या. भाषणवाले मला निरखत होते, म्हणून मी हसत होतो. भाऊ त्यांच्या पायाशी बसून पाणी उपसत होता. त्याला मान वर करायलाही सवड नव्हती.

त्यांना उतरवल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, ओहोटी लागलीया, वारा समोरून हाय. उद्या जाऊ." दिघीची ती चार माणसं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी म्हटलं, बस. तो बसला.

मधोमध होडी पालथी झाली. तिला धरून मी काठाला लागलो. एकटाच.

आयला मी सांगितलं, जाताना पाणी गप होतं, परतताना दर्या एकाएकी उठला. तिने ते मानलं. रोज सकाळी ती दारातून दर्याला शिव्या द्यायची. मला कधी नाही.

दोन वर्षांनी भाषणवाल्यांचं मराठी चोपडं गावच्या मास्तरांकडे आलं. त्यात माझी गोष्ट आहे असं कळलं, तेव्हा मीच माणसं जमवली आणि आमच्या अंगणात मास्तरांना वाचायला बसवलं. लिहिलं होतं की, जाताना काठ दिसेनासा झाल्यापासून लाटा अशा की आम्ही आशा सोडली. पण तो अडाणी नावाडी हसत होता, कारण आत्मा मरत नाही हे त्याला उपजत ठाऊक होतं. भावाबद्दल एक ओळ नव्हती.

लोकांनी माना डोलावल्या. आय ओट्यावर सुकट निवडत होती.

"जातानाच लाटा व्हत्या?"

मी मास्तरांच्या हातातलं चोपडं मिटलं.

"आन तू हसत व्हतास?"

"व्हय."

"आन त्यो?"

"पानी उपसत व्हता."

ती सुकट निवडत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने दर्याला शिव्या देणं सोडलं.