टाकीतलं जुनं पेट्रोल

“वतू नको रं, थांब!” म्हातारा ओरडला, पण तोवर मी त्याच्या मोटारसायकलची टाकी गॅरेजमागच्या गटारात पालथी केली होती. जुनी जपानी टू-स्ट्रोक, लोधिवलीहून टेंपोत घालून आणलेली. मुलगा काविळीनं गेला तेव्हापासून गोठ्यात उभी. पेट्रोल असं सडलेलं, की त्या आंबूस वासानं नाक्यावरची कुत्री शिंकत थेट खालापूरपर्यंत पळाली असतील. “पोरानं भरलेलं व्हतं रं ते,” म्हातारा हळूच म्हणाला, “त्याच्यावरच येकदा चालू करायची व्हती.” मी पंचक्रोशीत मेलेली इंजिनं उठवणारा! हसून म्हटलं, “काका, या काढ्यानं गाडी काय, भूतबी उठायचं नाय!” कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, ऑइल घालून ताजं पेट्रोल भरलं, आणि दुसऱ्याच किकला गाडी अशी गरजली की धुरात अख्खा घाट गडप झाला. आजही सडक्या पेट्रोलचा तसला वास आला की माझी टकळी बंद पडते, त्या दिवशी मात्र मी छाती फुगवून ओरडलो, “बघा काका, पोराची गाडी बोलली!” म्हातारा गटाराकडेच बघत होता. “बंद कर,” तो म्हणाला. “तुझ्या पेट्रोलवर बोलतीय ती.”