साडेबाराला सुटणारा स्विच

अर्पिता नेमकं काय काम करते, हे बोथ गावात एकाच माणसाला सांगता येतं. तो म्हणजे तिचा बाप, मोतीराम गुरुजी. बाकीच्यांच्या मते पोरगी आदिलाबादला गार हवेत बसून दिवसभर टीव्ही पाहते. गुरुजींना कोणी विचारलं की ते आधी चष्मा पुसतात, मग म्हणतात, "मी छत्तीस वर्षं पोरांची हजेरी घेतली. ती मशिनीची घेते. फरक इतकाच, तिच्या वर्गात कोणी शेंबडं नाही."

हसण्यावारी नेऊ नका, गुरुजी अगदी बरोबर बोलतात. खेड्यापाड्यांत इंटरनेट पुरवणारी एक लहानशी कंपनी आहे, तिच्या दफ्तरात अर्पिता बसते. प्रत्येक गावात कोणाच्या तरी भिंतीवर एक पेटी ठोकलेली असते आणि पेटीत स्विच. मोठ्या तारेतून आलेलं इंटरनेट गावातल्या घरांना वाटून देणारी चपटी डबी ती. अर्पिताच्या पडद्यावर असे चौसष्ट ठिपके, प्रत्येकाखाली गावाचं नाव. सॉफ्टवेअर दर मिनिटाला प्रत्येक स्विचला विचारतं, आहेस का? आहे म्हटलं की ठिपका हिरवा. उत्तर आलं नाही की लाल, आणि वर कानाशी पिपाणी. कोणता स्विच किती तापला, कधी बंद पडला, कोणत्या घराची जोडणी चालू आहे, सगळं तिला खुर्चीतून दिसतं. खुर्चीतूनच बंद-चालूही करता येतं.

तर या चौसष्टांत एक ठिपका द्वाड निघाला. तामसीच्या पलीकडच्या एका खेड्यातला. रोज दुपारी साडेबाराला लाल, बारा पन्नासला पुन्हा हिरवा. लाइट गेली म्हणावं, तर आपल्याकडची लाइट इतकी वक्तशीर कधी झाली? पेटीत बॅटरी बसवायची कोणाच्या तरी हातून राहून गेली होती, ते वेगळंच. लाइनमन तीनदा जाऊन आला. तिन्ही वेळा सकाळीच गेला आणि तिन्ही वेळा 'सगळं ठीक आहे' लिहून आला. शेवटी अर्पिता स्वतः बसमध्ये बसली आणि बरोबर दुपारची तिथं पोचली.

पेटी होती बयनाबाईच्या ओसरीत. बयनाबाई सत्तरीची, एकटी. मालक जाऊन सहा वर्षं झालेली, लेक करण हैदराबादला नोकरीत. म्हातारीनं अर्पिताला पाणी दिलं, घड्याळाकडं पाहिलं, हात धुतले, पदरानं पेटी पुसली आणि आतली काळी वायर उपसून काढली. मग खाली बसून भाकरीचं टोपलं पुढं ओढलं.

"मावशी, वायर काऊन काढली?"

"औत सोडलं," बयनाबाई म्हणाली, जणू कोणी शेंबड्या पोरानं विचारावं. "दुपार झाली ना. सकाळपासून डोळे मिचकावून राह्यलं ते. हात लावून पाह्य, कसं तापलं. बैलाले बी दुपारी जू उतरवून सोडते माणूस. हे तं रातचं बी सुटत नाई."

अर्पितानं हात लावून पाहिला. तापलेलं होतंच. अंगणात दावणीचे दोन खुंटे होते, दोन्ही रिकामे.

"मशीन हाय, समजते मले," म्हातारी ठेचा-भाकरी तिच्याही हातावर ठेवत म्हणाली. "येडी नाई मी. पण माह्या घरात राबते ना ते."

अर्पितानं बसमध्ये सगळं बोलणं घोकून ठेवलं होतं. मशीन थकत नाही, गावाची खोटी होते, असं करायचं नसतं. ते सगळं ती विसरली. तिची आई रुक्माबाई जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला गेली. ती सांगायची, ज्याच्या शेतात दुपारी औत सुटते, तिथं मजुरालेही सावलीत बसू देतात. ज्याला बैलाची कीव नाही, त्याला आपली कुठून यावी? आई गेली तेव्हा अर्पिता पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होती. इतक्या वर्षांनी तिला कोणाच्या तरी ओसरीत आईचं बोलणं ऐकू आलं आणि डोळ्यांत पाणी तरारलं. म्हातारीला वाटलं, मिरचीचा ठेचा लागला. तिनं ताकाचा पेला पुढं सरकवला.

पण दफ्तराला कुठं ताक पाजता येतं. साहेब सुधाकरराव, माणूस वाईट नाही, पण आकड्यांचा भक्त. महिन्यात शंभरातले नव्याण्णव तास स्विच चालू पाहिजे, हा त्यांचा वेद. त्यात त्या गावच्या लक्ष्मणरावाची तक्रार येऊन पडलेली. हा लक्ष्मणराव जातीचे-उत्पन्नाचे दाखले काढून देणारं दुकान चालवतो. रोज दुपारी त्याचं गिऱ्हाईक खोळंबायचं.

"पेटी काढ आणि पंचायतीत बसव," सुधाकरराव म्हणाले. "भांडण मिटलं."

भांडण मिटलं असतं, म्हातारीचं काय? पेटी घरात ठेवायच्या बदल्यात तिला फुकट जोडणी होती, आणि त्या जोडणीवर रोज संध्याकाळी फोनमध्ये करणचं तोंड दिसायचं. अर्पितानं दोन दिवस विचार केला. बयनाबाईला म्हणून पाहिलं, मावशी, दोनला सोडत जा. उत्तर आलं, "दोनले कोण औत सोडते, बाई? लोक हासतीन."

मग अर्पितानं सॉफ्टवेअरचीच वाट धरली. त्यात देखभालीची वेळ ठरवून ठेवायची सोय असते. त्या वेळात स्विच बंद दिसला तर ठिपका लाल होत नाही, करडा होतो. पिपाणी वाजत नाही आणि साहेबांचा आकडाही घसरत नाही. लक्ष्मणराव एक वाजेपर्यंत घरी जेवायला जातो, म्हणजे त्याचं गिऱ्हाईक तसंही खोळंबतं, हेही तिनं विचारून घेतलं. साडेबारा ते एक अशी वेळ तिनं भरली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: विश्रांती.

सुधाकररावांनी ते वाचून चष्म्यावरून पाहिलं. "स्विचला विश्रांती?"

"तुम्हाला डब्यासाठी अर्धा तास मिळतो ना, सर."

त्यांनी मंजुरीचं बटण दाबलं. पेटी म्हातारीकडंच राहिली. लक्ष्मणराव मात्र रुसला. त्याची तक्रार फेटाळली गेली ना. तेव्हापासून दफ्तराचा किंवा अर्पिताचा नंबर दिसला की तो फोन उचलत नाही. तक्रार करायची असली की स्वतः मिनिटाला तीनदा लावतो, ती गोष्ट निराळी.

दोन वर्षं अशी गेली. साडेबाराला ठिपका करडा झाला की अर्पिता मनात म्हणायची, सुटलं औत, आणि आपला डबा उघडायची. तिकडं म्हातारी भाकरी मोडायची, इकडं ही. एका पंगतीला बसल्यासारखं तिला वाटायचं, आणि हे ती कोणालाही सांगायची नाही. वेड्यात काढलं असतं लोकांनी.

मग मार्गशीर्षातला तो दिवस आला. कापूस वेचणीचे दिवस, गावं ओस, झाडून सारे शेतात. साडेबारा झाले. अर्पितानं डब्याचं झाकण काढलं. ठिपका हिरवा.

बारा पस्तीस. हिरवा. बारा चाळीस. हिरवाच. चौसष्टच्या चौसष्ट हिरवे. असा दिवस महिन्यात एखादा यायचा. मागून जाताना सुधाकरराव खुशीत म्हणाले, "वा, आज सगळी पोरं हजर."

अर्पितानं हातातला घास परत डब्यात ठेवला. तिनं बयनाबाईला फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. लक्ष्मणरावाला लावला. तो कशाला उचलतोय. आपल्या मोबाइलवरून लावला, तरी नाही. गावातल्या बाकी गिऱ्हाइकांचे नंबर लावले, पण शेतात कोणी उचलेना, आणि करण तीनशे किलोमीटरवर बसून काय करणार होता?

सॉफ्टवेअरला यात काहीच वावगं दिसत नव्हतं. ते पाहतं स्विच बंद पडला का. स्विच बंद पडायला हवा होता आणि पडला नाही, हे कळायला आत कोणी बसलेलं नसतं. गुरुजी म्हणतात, हजेरी म्हणजे नाव वाचणं नव्हे, तोंड पाहणं. लहानपणापासून ऐकून ऐकून तिला त्याचा कंटाळा आला होता. आज ते आठवलं आणि ती खुर्चीत सरसावून बसली.

त्या गावची एक रीत तिला पक्की ठाऊक होती. नेट गेलं की तिथं कोणी दफ्तराला फोन करत बसत नाही. उठतात आणि सरळ बयनाबाईच्या ओसरीत जातात: "बाई, वायर लावायची राहिली काय?"

बारा अठ्ठावन्न झाले होते. दोन मिनिटांत लक्ष्मणराव दुकान उघडणार होता.

तिचा हात माउसवर होता. अख्ख्या गावाचं नेट आपल्या हातानं तोडायचं. वर सॉफ्टवेअर नावानिशी नोंद ठेवतं: कोणी बंद केलं, किती वाजता. उद्या म्हातारी कोणाच्या शेतात बसायला गेली होती असं निघालं, तर नोकरी गेली म्हणून समजायचं. निघू दे तसंच, ती मनात म्हणाली. देवा-धर्माचं तिच्या घरात फार नव्हतं, पण त्या वेळी तिनं कोणाला तरी हात जोडले. मग स्विचचं एकेक पोर्ट, म्हणजे एकेका घराची तार जिथं जोडलेली ती जागा, बंद करत गेली. वरून मोठी तार येते तेवढं चालू ठेवलं, नाहीतर तिलाच पुन्हा आत शिरता आलं नसतं. बाकीची सतरा बंद. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

एक वाजला. एक दोन. एक चार. घड्याळाकडं पाहून पाहून डोळे दुखायला लागले.

एक सातला लक्ष्मणरावाचा फोन आला. त्याच्या आवाजात एरवीचा तोरा नव्हता.

"ताई, नेटसाठी आलो होतो मी. बयनाबाई मोरीपाशी पडून हाय. पाय हालवता येईना तिले. पण बोलून राह्यली."

"तिथंच थांबा, भाऊ. हलवू नका. मी ॲम्ब्युलन्स पाठवते."

तिनं एकशेआठला फोन केला, सतरा पोर्ट पुन्हा उघडली, आणि तिथंच टेबलावर डोकं टेकून रडली. सुधाकरराव मागं येऊन उभे राहिले. त्यांनी पडद्यावरची नोंद वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग तिच्या खुर्चीवरून हात लांबवून कारणाच्या रिकाम्या रकान्यात स्वतः दोन बोटांनी टाइप केलं: विश्रांती.

"डबा खा आधी," ते म्हणाले आणि गेले.

डबा तिनं खाल्ला नाही. संध्याकाळी आदिलाबादच्या दवाखान्यात गेली तेव्हा तो पिशवीत तसाच होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. म्हातारी अकरापासून ओल्या फरशीवर पडून होती. आणखी चार तास, सारे शेतातून परतेपर्यंत, ती तशीच राहिली असती तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. करण हैदराबादहून बसमध्ये बसला होता. लक्ष्मणराव बाहेर बाकावर बसून होता, दुकान तसंच उघडं टाकून आलेला. अर्पिताला पाहून तो उठला आणि खाली मान घालून पुन्हा बसला.

बयनाबाईनं डोळे उघडले. जरा वेळ लागला तिला ओळखायला. मग अर्पिताचं मनगट धरून तिनं हळू आवाजात विचारलं, "पोरी, आज त्याले कोणी सोडलं का?"

"सोडलं, मावशी. मीच सोडलं. इथून."

"किती वेळ?"

"नऊ मिनिटं."

"नऊच?" म्हातारीच्या कपाळाला आठी पडली. "एवढ्यात काय होते त्याचं? उद्या पुरा टाइम सोडजो. मी घरी जाईपर्यंत तूच पाह्य त्याच्याकडं."

"हो," अर्पिता म्हणाली.

बयनाबाई दवाखान्यात तेवीस दिवस होती. ते तेवीस दिवस साडेबाराला अर्पितानं आपल्या हातानं सतरा पोर्ट बंद केली, पडद्यावर खूण करून ठिपका करडा केला, आणि वीस मिनिटं बसून भाकरी खाल्ली.