डोमाजींच्या कानावर पडणारी घंटी

ज्याचे आयुष्य आपण जवळून पाहिले, अशा एका व्यक्तीविषयी लिहून आणावे, असे साक्षरता वर्गातील बाईंनी सांगितले. मी निकेशविषयी लिहीत आहे. तो माझा नातेवाईक नव्हता. त्याचे वावर आणि माझे वावर यांच्यामध्ये एक धुरा, म्हणजे बांध, आहे, एवढाच आमचा संबंध. परंतु धुऱ्यापलीकडचा माणूस किती दिसतो, हे शेती करणाऱ्यास सांगावे लागत नाही.

आमचे गाव हिंगणीच्या अलीकडे आहे. निकेश हा डोमाजींचा धाकटा मुलगा. थोरला योगेंद्र वर्ध्याला कापडाच्या दुकानात नोकरी करतो. बारावीनंतर निकेशही पुण्याच्या एका कारखान्यात जाण्यास निघाला होता. त्याच वर्षी काचबिंदूने डोमाजींची दृष्टी गेली, आणि ती परत येणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आई पूर्वीच वारली होती. निकेशने भरलेली पिशवी रिकामी केली. त्या विषयावर तो पुन्हा बोलला नाही.

अंध झाल्यावर डोमाजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसत. ताटातील भाकर चिवडून ठेवत. तेव्हा एके सकाळी निकेशने त्यांना बैलबंडीत बसवून वावरात आणले. धुऱ्यावरील कडुनिंबाखाली घोंगडे अंथरून दिले आणि स्वतः कपाशीत डवरा धरला. डवरा म्हणजे पिकाच्या ओळींमधील तण काढण्याचे, बैलांनी ओढायचे अवजार. उजव्या बैलाच्या गळ्यात पितळी घंटी होती. थोड्या वेळाने डोमाजी ओरडले,

"निकेश! बैल भरभर हाकलून राह्यला तू. तण तसंच राह्यते ना मांगं!"

"हो बा."

त्या दुपारी डोमाजी पोटभर जेवले.

तेव्हापासून ते घंटी ऐकून शेती करू लागले. बैल कोठे वळले, कोठे अडले, हे ते सांगत. त्यांचे सांगणे कधी बरोबर असे, कधी साफ चुकीचे. निकेश दोन्ही वेळेस "हो बा" म्हणत असे आणि जे योग्य ते करीत असे.

गावात बहुतेकांनी बैल विकले होते. तणनाशक फवारले की काम लवकर संपते. निकेशचा मित्र रजत याच्याजवळ बॅटरीचा पंप होता. तो धुऱ्यावर उभा राहून चिडवत असे, "अबे, फवारा मार अन् घरी जाऊन झोप. टन टन करत कोणाची वरात काढून राह्यला?"

"बाची," निकेश म्हणे. "तू नाचाले येजो."

पुढे त्याचे प्रेरणाशी लग्न झाले, आचल नावाची मुलगी झाली. घर वाढले तसे काम वाढले. गोठा, वावर, वडिलांना नेणे-आणणे, हे सर्व तो एकटा करीत होता. वयाने तरुण असूनही त्याची चाल माझ्यासारख्या म्हातारीची झाली होती. कंटाळा आल्याचे मात्र त्याने कधी बोलून दाखवले नाही.

मागील वर्षी पोळ्याच्या आधी त्याला ताप आला. तापातही तो डवरा धरून होता. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटले, "निकेश, पाह्य, डोये तुये कसे लाल झाले. सोड बैल, घरी जाय."

"मावशी, हळू बोला. बा आयकते. घंटी थांबली का घाबरते तो."

थोड्या वेळाने त्याला चालवेना. तो बैलाच्या पाठीवर डोके टेकून उभा राहिला आणि एका हाताने घंटी हलवत राहिला. कडुनिंबाखाली डोमाजी शांत बसले होते. चार दिवसांनी त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, परंतु त्याला आणण्यास फार उशीर झाला होता.

उन्हाळ्यात योगेंद्र आला. बैल विकावे, वावर ठेक्याने द्यावे आणि वडिलांना वर्ध्याला न्यावे, असे त्याचे म्हणणे पडले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते.

प्रेरणा म्हणाली, "भाऊजी, तिथं मामाजी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतीन. हा हंगाम मले पाहू द्या."

पेरणी झाली. तण वाढले तेव्हा तिने पदर खोचून स्वतः डवरा धरला. बाईमाणसाने डवरा धरल्याचे पाहून लोक रस्त्यावर थांबत, पाहत आणि निघून जात. कडुनिंबाखाली डोमाजी कान देऊन बसत, पण पूर्वीसारखे ओरडत नसत. तिला सकाळी घरचे, दुपारी वावराचे आणि सायंकाळी पुन्हा घरचे काम होते. आठवड्याभरात तिच्या तळहातांची साल निघाली.

एका दुपारी ती तासाच्या, म्हणजे ओळीच्या, मध्येच थांबली. तिचा हात बैलाच्या गळ्याकडे गेला आणि ती घंटी हलवू लागली. मी माझ्या वावरात तण निंदत होते. माझा विळा तेथेच थांबला.

"सुनबाई," डोमाजी म्हणाले, "हातानं नको वाजवू."

प्रेरणाने हात काढला.

"बैल चालते तवा घंटी येगळी वाजते. मले समजते. त्याची बी समजली होती."

"मंग बोलले काऊन नाई, मामाजी?"

"वाटलं, पोरगा दम घेऊन राह्यला. घेऊ द्यावं म्हटलं." त्यांनी घोंगड्याची घडी सारखी केली. "ताप आहे हे घंटीतून नाई समजलं."

प्रेरणा खाली तासातच बसली. त्यांनी तिला बसू दिले. नंतर म्हणाले, "योगेंद्रले फोन कर. बैल घेऊन जाय म्हणा."

"अन् वावर?"

"वावर तुयं. बैल मायासाठी होते."

बैल गेले. वावर राहिले. उरलेल्या तणावर फवारणी करण्यास रजत स्वतःहून आला. त्या दिवशी त्याने कोणाची थट्टा केली नाही. प्रेरणाने डोमाजींचा हात धरून त्यांना कडुनिंबाखाली आणून बसवले. पंपाची घरघर पिकातून पुढे सरकत होती. डोमाजींनी मान त्या बाजूला वळवली.

"रजत! पंप अडकून राह्यला तुया!"

रजत थांबला. त्याने पंप पाठीवरून उतरवून पाहिला. त्यात काही बिघाड नव्हता.

"हो बा," तो म्हणाला, आणि पुढच्या ओळीत शिरला.