जुनं नाव विचारायचं नाही

कासिल्दाच्या पार्लरमध्ये खुर्चीत बसलं की मान तिच्या ताब्यात जाते आणि कानही. कात्री थांबेल, पण तोंड थांबणार नाही. भुवया मात्र अशा कोरते की अमेरिकेतल्या या दक्षिण टूसॉनमधल्या बायका लग्न ठरलं की आधी तिच्याकडे येतात आणि मग पाद्र्याकडे जातात. साठी उलटली तरी ओठांना लाली लावल्याशिवाय ती दारात दूध घ्यायलासुद्धा जात नाही.

जन्मली ती मुलगा म्हणून, एल साल्वादोरमध्ये. तिकडे लढाई पेटली तेव्हा विशीतली कासिल्दा वाळवंट तुडवत इकडे आली आणि चर्चच्या तळघरात कित्येक महिने झोपली. चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांनी तिला काही विचारलं नाही. एकीने फक्त आपला जुना झगा आणून दिला आणि म्हणाली, "बघ, बसतोय का." तो झगा बसला, आणि कासिल्दाही इथे बसली ती कायमची.

दर सोमवारी पार्लर बंद ठेवून ती इथल्या खासदाराच्या कचेरीत जाते. बरोबर त्यांच्या आघाडीतली दहाबारा माणसं असतात, पुरुषांवर जीव असलेले पुरुष, बायकांवर जीव असलेल्या बायका, आणि कासिल्दासारख्या. मागणं एकच, परदेशातून आलेल्यांसाठीचा कायदा माणुसकीचा करा. खटला चालेपर्यंत माणसाला घरी राहू द्या, बाईला पुरुषांच्या बराकीत कोंडू नका, आजाऱ्याला औषध द्या. कचेरीत कारकून बदलत राहतात आणि कासिल्दा प्रत्येकाला पुन्हा श्रीगणेशापासून शिकवते. एक कारकून वैतागून म्हणाला होता, "बाई, तुम्ही थकत नाही का?" त्यावर ही म्हणाली, "थकते की. म्हणून तर खुर्ची दे म्हणते कधीची."

पार्लरच्या मागे तीन खोल्या आहेत. कैदेतून सुटलेल्या किंवा नुसत्याच पोरक्या झालेल्या मुली तिथे राहतात. स्वयंपाक पाळीपाळीने करायचा, बाथरूममध्ये केस सोडायचे नाहीत, आणि कोणी कोणाला जुनं नाव विचारायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांत कडक. आईबापांनी ठेवलेलं, शाळेत मार खाताना ऐकलेलं ते नाव उंबऱ्याबाहेर. वकीलबाई हॅलोरन कितीदा म्हणाल्या, "कासिल्दा, निदान एकीला तरी माहीत असू दे. उद्या कोणाला उचललं तर कागदावरच्या नावाशिवाय शोधता येणार नाही." कासिल्दा फणकारली, "माझ्या घरात सरकारची चौकशी चालायची नाही." वकीलबाईंनी हात टेकले.

आणि मग ब्रिसाला उचललं.

ब्रिसा होंडुरासची, चोविशीतली, हॉटेलात खोल्या झाडायची. आश्रयाचा अर्ज भरायला ती रोज टाळाटाळ करायची, कारण पहिल्याच ओळीत ते नाव लिहावं लागतं. त्या सकाळी मैत्रिणीच्या गाडीचा मागचा दिवा फुटलेला होता. पोलिसाने गाडी थांबवली, कागद मागितले, ब्रिसाकडे नव्हते. मैत्रीण रडत पार्लरमध्ये आली तेव्हा कासिल्दाच्या हातात एका नवरीचे ओले केस होते.

"कुठे नेलं?"

"काय माहीत! फोनपण काढून घेतला तिचा."

आणि आपल्यापैकी कोणाला कोणाचा नंबर तोंडपाठ असतो हो? ब्रिसा तरी कोणाला फोन करणार? हॅलोरनबाईंनी संगणक उघडला आणि विचारलं, "नाव?" कासिल्दा म्हणाली, "ब्रिसा." बाई म्हणाल्या, "ते नाही गं." कासिल्दाची पाचावर धारण बसली. इतकी वर्षं अभिमानाने मिरवलेला नियम, आणि तो आपल्याच पायावर पडलेला धोंडा निघाला.

वकीलबाईंनी भीती लपवली नाही. आत एक कागद पुढे करतात, घरी परत जायला मी राजी आहे असा. एकटं पडलेलं माणूस दोनचार दिवसांत सही करून मोकळं होतं. सही झाली की विमान. आणि ब्रिसाच्या गावात तिला मारहाण करून नदीकाठी टाकणारे लोक अजून तिथेच राहत होते.

ते नाव विचारता येईल असं जगात एकच माणूस होतं, ब्रिसाची आई. होंडुरासमध्ये, ओलांचितोच्या बस थांब्यावर, औषधाच्या दुकानासमोर ती तवा मांडते, घेवडा भरलेल्या पोळ्या, बालेआदा विकते. ब्रिसा भूक लागली की त्या तव्याचं वर्णन करायची, आईचं मात्र करायची नाही. रुफिनोने त्या औषधाच्या दुकानाचा नंबर शोधला. रुफिनो म्हणजे कासिल्दाचा जुना मित्र, मेक्सिकोतल्या सोनोराचा, आघाडीची गाडी चालवणारा. म्हणाला, "हे बघ म्हातारे, गोड बोल. ती तुझं गिऱ्हाईक नाही."

"मला शिकवू नकोस."

दुकानदाराने रस्त्यापलीकडे हाक मारली. ब्रिसाची आई, दोन्या एर्सिलिया, म्हणजे एर्सिलियाबाई, हात पुसत आली असावी.

"कोण?"

"मी टूसॉनहून बोलतेय. तुमच्या..." कासिल्दाने जीभ चावली. "तुमच्या मुलाबद्दल."

"मला मुलगा नाही."

रुफिनो डोळे वटारून बघत होता, म्हणून कासिल्दाने राग गिळला. "दोन्या एर्सिलिया, पोलिसांनी पकडलंय. कागदावरचं नाव नाही मिळालं तर तिकडे पाठवतील. पाठवलं तर काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

पलीकडे मोटारीचे भोंगे ऐकू येत राहिले. मग आईने विचारलं, "तुम्ही पण तसल्याच?"

"तसलीच. फक्त म्हातारी."

बाईने नाव सांगितलं. पूर्ण, दोन्ही आडनावांसकट, जन्मतारखेसकट. ते नाव मी इथे लिहिणार नाही, त्याने कोणाचं काही अडत नाही. मग ती म्हणाली, "जेवतो का नीट?"

"दोघींचं जेवते."

"तिथे काय म्हणतात त्याला?"

"ब्रिसा."

"हं," आई म्हणाली. "आखूड आहे. बरं आहे." आणि फोन ठेवला.

हॅलोरनबाईंनी त्याच दुपारी ब्रिसाला शोधून काढलं. वाळवंटातल्या एका कैदखान्यात होती, पुरुषांच्या बराकीत. कागदावर सही अजून केली नव्हती.

सुनावणीला अख्खी आघाडी गेली. ही त्यांची जुनी रीत आहे. आपल्यातल्या कोणाचाही खटला असो, कोर्टातली बाकं गच्च भरून टाकायची, म्हणजे न्यायाधीशाला कळतं की या माणसाला माणसं आहेत. रुफिनोने लग्नातला टाय लावला होता. ब्रिसा मात्र कोर्टात नव्हती, भिंतीवरच्या पडद्यावर होती, नारिंगी कपड्यांत. तिला बाकं दिसत नव्हती, नुसते आवाज ऐकू येत होते.

न्यायाधीशाने कासिल्दाला उभं केलं. "तुम्ही कोणाला घरी ठेवून घ्यायला तयार आहात? नाव सांगा, कागदावरचं."

कासिल्दाने सांगितलं. मोठ्याने, स्पष्ट, भर कोर्टात. पडद्यावर ब्रिसाने मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही. न्यायाधीशाने सोडायचा हुकूम दिला. अट एक, मुक्काम कासिल्दाच्याच घरी. बाकांवर आनंदीआनंद झाला. रुफिनोने तर वकीलबाईंचा मुका घेतला.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला. "ती तुझ्या घरी यायला तयार नाही. म्हणते, त्यापेक्षा परत जाण्याच्या कागदावर सही करीन."

कासिल्दा गप्प बसलेली पार्लरने प्रथमच पाहिली.

रविवारी भेटीला गेली तेव्हा खिडकीवरच्या शिपायाने विचारलं, कोणाला भेटायचंय, आणि ते नाव तिला पुन्हा घ्यावं लागलं. काचेपलीकडे ब्रिसा येऊन बसली. तिचे लांब केस कोणीतरी वेडेवाकडे कापले होते. दोघींनी फोन उचलले.

"काय अवतार केलाय केसांचा! न्हाव्याला फाशी द्या," कासिल्दा म्हणाली.

ब्रिसा हसली नाही. "तू विचारलंस, मावशी. तूच नियम केलास आणि तूच विचारलंस. तेही माझ्या आईला!"

"विचारलं. नाहीतर सापडली नसतीस."

"नसते सापडले."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"इथे दिवसभर तेच नाव ओरडतात माझ्यावर. जेवायला चल, रांगेत उभा राहा. मी डोळे मिटून म्हणायची, जाऊ दे, मावशीच्या घरी ते कोणाला माहीत नाही. आणि त्या दिवशी तुझ्याच तोंडून ऐकलं." तिचा आवाज फुटला. "आता तू मला ब्रिसा म्हणशील ना, तेव्हा मला ते ऐकू येणार. तुझ्याकडे माझं ते आहे, आणि माझ्याकडे तुझं काहीच नाही."

कासिल्दाला वाटलं, ओरडावं, चार शिव्या हासडाव्यात. पण पोरीचं खोटं नव्हतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या खिडकीवर एक म्हातारी नातवाशी बोलत होती, शिपाई जांभई देत होता. कासिल्दा काचेला नाक लागेपर्यंत पुढे वाकली. चर्चच्या तळघरापासून आजपर्यंत, रुफिनोलासुद्धा, देवालासुद्धा न सांगितलेलं तिने फोनमध्ये पुटपुटलं.

"एर्मेनेहिल्दो."

"काय?"

"पुन्हा नाही सांगणार."

"एर्मे... एर्मेनेहिल्दो?"

"आजोबांचं होतं. आता काय करू, मेल्यांनी ठेवलं!"

ब्रिसाचा ओठ आधी नुसता थरथरला. मग ती हसायला लागली. पोट धरून, टेबलावर डोकं टेकून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसली. शिपायाची जांभई अर्ध्यात राहिली. कासिल्दाचेही डोळे भरले, लालीवरून ओघळ आले, पण तिने तोंड गंभीर ठेवलं. कोणीतरी ठेवायला हवं होतं.

"हे बाहेर कोणाला कळलं ना," ती दरडावून म्हणाली, "तर घराबाहेर काढीन तुला."

ब्रिसाने बाहीने नाक पुसलं. "काढायला आधी घरात घ्यावं लागतं, मावशी. किती वाजता येतेस न्यायला?"