गच्चीवरचा वानोळा

टाकी भरेपर्यंत गच्चीवर दुसरं काम नसतं. नळ सोडायचा आणि पोरांजवळ बसायचं. किस्से असेच साठत गेले. सांगायला लागलो की एकाची शेपटी धरून दुसरा येतो.

मी हिंगोलीच्या एका हायस्कूलचा जुना शिपाई. रिटायर झालो, तरी गच्चीवरच्या शेतीला पाणी द्यायला येतो. ही शेती नववीच्या मॅडमनी आपल्या वर्गातल्या पोरांसाठी सुरू केली. पैसा पुण्याच्या एका संस्थेचा, तोही एकाच वर्षाचा. वर्षाच्या शेवटी संस्थेचे साहेब येऊन पीक बघणार. पसंत पडलं तर पुढं चालू, नाहीतर बंद!

*

सुरुवातीलाच एक बाप तणतणत वर आला. कुरुंद्याचा माणूस, हळदीत वाढलेला. "मॅडम, शेतीतून सुटावं म्हणून लेकराला इथं आणलं, अन् तुमी गच्चीवर शेती लावून राहिल्या!"

बोलता बोलता तो वाफ्यापाशी थांबला. "ही हळद इतकी दाट कुणी लावली?" म्हणाला आणि बाह्या वर केल्या.

संध्याकाळी त्याचंच पोरगं त्याला ओढत होतं, "अण्णा, आता तरी घरी चला की!"

*

कुंड्या कमी पडल्या तेव्हा पोरांनी घरून डबे, घमेली आणली. एका पोरीनं चांगली निळी बादली आणली. कोथिंबीर अशी उगवली की विचारू नका! मग तिची आई शोधत आली. बादली उचलली, डोक्यावर घेतली, निघाली.

मी म्हणालो, "बाई, कोथिंबीर शाळेची हाय."

"व्हय? मग तिला म्हणा, उतर खाली!"

*

आमच्याकडं शेतात मेंढ्या बसवतात. कळप रात्रभर बसला की लेंड्यांचं खत आपोआप पडतं. खत पाहिजे म्हटल्यावर एका पोरानं बापाला तेच सांगितलं. बाप मेंढपाळ. दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना कळप फाटकात!

हेडसर धावले. "अहो, मेंढ्या? गच्चीवर?"

"तकलीफ घेऊ नका, सर," तो शांतपणे म्हणाला. "जिना बघितला मी. मोठ्या खालीच ठेवतो."

*

टोमॅटोच्या कुंडीत होल्यानं अंडी घातली. अंडी भिजतील म्हणून पोरांनी त्या कुंडीचं पाणीच तोडलं. सगळ्यात चांगलं झाड, वाळून गेलं.

मॅडम म्हणाल्या, "अरे, साहेबांना दाखवायचं काय आता?"

एक लेकरू हळूच म्हणालं, "पिल्लं दाखवू की!"

*

साहेब यायचा दिवस उजाडला. सकाळी गच्ची वांग्यांनी, भेंडीनं, दोडक्यांनी भरलेली होती. हेडसरांच्या खोलीत चहा झाला. मग सगळे वर आलो, तर झाडांना नुसती पानं! एक वांगं नाही, एक मिरची नाही. मॅडमचा चेहरा पांढरा पडला.

"पीक कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

वर्गाची मॉनिटर सुमन पुढं आली. तांड्यावरची पोरगी, घाबरणं माहीत नाही.

"तुमच्या गाडीत हाय, साहेब."

"गाडीत?"

"रानात आलेला पाहुणा रिकाम्या हातानं जात नसतो. तुमी चहा घेत होते, तवा वानोळा भरला. ड्रायव्हर काकांनी डिकी उघडून दिली."

साहेब कठड्यावरून खाली बघत राहिले. हसतील का ओरडतील, काही कळेना. त्यांना पिकाचे फोटो वरच्यांना पाठवायचे होते. मग खाली उतरले आणि उघड्या डिकीचेच फोटो काढले, पोरांना भोवती उभं करून.

गाडी सुरू झाली. मॅडमनी धीर करून विचारलं, "साहेब, पुढच्या वर्षीचं काय?"

ते बोलायच्या आत सुमननं खिडकीत डोकं घातलं.

"साहेब, तुमच्या घरी दोडके खातेत का?"

"दोडके कुणी खात नाही," साहेब म्हणाले. "भेंडीच्या कुंड्या वाढव."