सरांनी बदललेली सुईची वाट

सरांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात राउंड घेत होते. "अर्चना, सर गेले गं," त्या म्हणाल्या. सकाळी फिरून आले, व्हरांड्यात बसून बूट काढायला वाकले आणि तसेच राहिले. हृदय बंद पडलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की म्हणजे सर कॅन्सरनं नाही गेले. तेव्हा स्वतःचाच राग आला होता. आता महिना उलटल्यावर वाटतं, तो विचार त्यांनाही पटला असता.

डॉ. वामन सोनकुसरे नागपुरातले जुने मूत्ररोगतज्ज्ञ. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग सहकारी. घराणं उमरेडच्या विणकरांचं. वडिलांनी हातमागावर लुगडी विणून मुलाला डॉक्टर केलं. बोलणं शेवटपर्यंत उमरेडचंच राहिलं. या शाखेत बाई डॉक्टर पाहिली की पुरुष पेशंट अंग चोरून बसत. जरीपटका भागातल्या एका व्यापाऱ्यानं एकदा विचारलं, "मॅडम बाहेर थांबतील का?" सर शांतपणे म्हणाले, "थांबतील नं. मीबी थांबतो त्यांच्यासंगं. मंग तुमाले तपासणार कोण?" तो गृहस्थ हसला आणि निमूट टेबलावर झोपला.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची शंका आली की सुईनं त्या ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासावे लागतात. सर ते जुन्या रीतीनं करत. सोनोग्राफीचा प्रोब गुदद्वारातून आत, आणि सुईही तिथूनच, आतड्याची भिंत भेदून ग्रंथीत. हात इतका बसलेला, की पेशंटला कळायच्या आत काम संपे. मी बाहेरच्या एका हॉस्पिटलातून दुसरी रीत शिकून आले होते. तिच्यात प्रोब तिथेच असतो, पण सुई मात्र अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून जाते. आतड्याला ती शिवतच नाही. सर म्हणत, "कॅन्सर सापडायचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच आहे नं? मंग वेळ जास्त, भुलीच्या सुया जास्त... काहून करायचं?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हणे, आतड्यातून जाणारी सुई तिथले जंतू सोबत नेते. ते म्हणत, त्यासाठी तर आपण आधी अँटिबायोटिक देतो. वाद तिथेच थांबे.

मग उमरेडचे गजाननकाका आले. सरांच्या वडिलांच्या शेजारी त्यांचा माग होता. तो मोडल्यावर त्यांनी साड्यांचं दुकान टाकलं होतं. सरांनी बायोप्सी केली, काका चालत घरी गेले. दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. मुलानं गाडी करून आणेपर्यंत रक्तदाब कोसळला होता. दिलेलं औषध त्या जंतूंवर चाललंच नव्हतं. काका आयसीयूत असेतो सर ओपीडी संपली की त्यांच्या पलंगापाशी स्टूल घेऊन बसत. मधेच बायोप्सीचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. सरांनी तो कागद वाचला, माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे वळले...

काका वाचले. घरी जाताना सरांचा हात धरून म्हणाले, "तुह्या हातानं वाचलो गा, वामन."

"नाही काका," सर म्हणाले. "माह्या सुईनंच पडले होते तुम्ही."

त्यानंतर नव्या रीतीची माझी पहिली केस होती तेव्हा सर गाऊन घालून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "मले शिकव वं." साठी उलटलेला माणूस, हातात आयुष्यभराची सवय. सुरुवातीला त्यांची सुई जुन्याच वाटेला वळायची, मग स्वतःवरच चिडायचे. पण शिकले. नव्या रीतीची खोटी जाहिरातही त्यांनी कधी केली नाही. पेशंटला सांगत, "भुलीची सुई जराशी झोंबते, वेळबी लागते. पण तापाचं भेव लय कमी." शहरातल्या डॉक्टरांच्या बैठकीत गजाननकाकांची हकीकत त्यांनी काही न लपवता सांगितली. कुणी तरी विचारलं, "सर, एका पेशंटवरून पद्धत बदलायची?" सर म्हणाले, "माह्या विद्यार्थिनीचं म्हणणं आधीपासून बरोबर होतं. ते मी या पेशंटमुळे ऐकलं."

निवृत्तीनंतर एकदा ते स्वतःचीच एमआरआयची फिल्म घेऊन आले. ग्रंथीच्या पुढच्या भागात सावली होती. "कधी करून राहिली?" त्यांनी विचारलं. मी गांगरले. मुंबईत कुणाकडे तरी बायोप्सी करू या, असं मी म्हणाले.

"काहून?"

"सर, मी तुमची... मला कसं जमेल?"

"जन्मभर लोकाईले सांगत आलो, डॉक्टर बाई आहे का माणूस, ते पाहू नका. आता माह्यावर आलं तर मीच पळू?"

टेबलावर पाय वर बांधलेले, अंगावर हिरवी चादर, आणि तोंडानं सूचना चालू – प्रोब थोडा खाली घे, घाई नको करू. शेवटी मी म्हटलं, "सर, आज तुम्ही पेशंट आहात." ते हळूच म्हणाले, "बरं बाई." जुन्या रीतीनं जिथवर पोचणं अवघड जातं, त्या पुढच्या भागातच कॅन्सर सापडला. रेडिएशन झालं, आणि पुढची वर्षं रक्ततपासणीचे आकडे खालीच राहिले. सर रोज फिरायला जात, भाजी आणत, काकूंशी टीव्हीवरून भांडत.

ते गेल्यानंतरची माझी पहिली बायोप्सी परवा झाली. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, मुठी आवळून पडलेले. सुई झटक्यात आत सोडणारी बायोप्सीची बंदूक सुटताना टक् असा मोठा आवाज होतो. दुखण्याआधी माणूस त्या आवाजानंच दचकतो. म्हणून सर कुठल्याही पेशंटला हात लावण्यापूर्वी ती एकदा हवेतच उडवून दाखवत. कुठल्या पुस्तकातलं नव्हे, त्यांचं स्वतःचंच होतं ते. मी बंदूक पेशंटच्या नजरेसमोर धरली आणि उडवली.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच," मी म्हटलं. त्यांच्या मुठी सैल झाल्या, आणि मी कामाला लागले.